वाघ कुठून जातो, ते पाड्याला ठाऊक

आपल्याकडे वसुबारशीला घरची बाई गाय-वासराला ओवाळते. त्याच दिवशी, म्हणजे अश्विन वद्य द्वादशीला, मुंबईत गोरेगावच्या पूर्वेस वाघाची पूजा होते. मुंबईत म्हणजे अगदी मुंबईतच. मागे वीस-वीस मजल्यांच्या इमारती उभ्या, डोक्यावरून विमान जाते, आणि झाडाखाली शेंदूर लावलेल्या वाघोबापुढे वारली माणसे नारळ फोडतात. या सणाला ते वाघबारस म्हणतात.

माझी पुतणी गोरेगावला दिली आहे. जावई आरे कॉलनीतल्या म्हशींच्या तबेल्यावर हिशेब लिहितात. दिवाळीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्ही शेतीतले माणूस, चला तुम्हाला म्हशी दाखवतो." म्हशी पाहिल्या. चांगल्या होत्या. पण त्या तबेल्याच्या मागे ओढ्यापलीकडे एक पाडा आहे, तिथे गेलो आणि दोन दिवस तिथेच रमलो.

ज्या वाचकांनी मुंबई पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. मुंबईला उत्तरेकडे जाणारे लोकलचे दोन मोठे रस्ते आहेत. एकावर अंधेरी, गोरेगाव, बोरिवली लागते. दुसऱ्यावर घाटकोपर, भांडुप, मुलुंड. या दोन रुळांच्या मधे डोंगर आहे आणि डोंगरावर जंगल आहे. तेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. जुनी माणसे अजून बोरिवलीचे नॅशनल पार्क म्हणतात. क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर, आपल्या भाषेत पंचवीस हजार एकरांच्या वर. तुळशी आणि विहार हे पिण्याच्या पाण्याचे दोन जुने तलाव याच डोंगरात आहेत. जंगलाच्या दक्षिणेस चिकटून आरे दुग्ध वसाहत, १९४९ साली वसवलेली. शहरातल्या गल्लीबोळांतले म्हशींचे गोठे उठवून तीन हजार एकरांवर त्यांना जागा दिली. कुरणे केली, तबेले बांधले. तबेल्याला तिथे 'युनिट' म्हणतात.

पण आरेची डेअरी येण्याआधीपासून तिथे माणसे होती. वारली, मल्हार कोळी, कोकणा, कातकरी. त्यांचे पाडे आजही आहेत. खांबाचा पाडा, केलटीपाडा, हबालेपाडा अशी नावे. पावसाळ्यात लहान लहान खाचरांत भात, बांधावर काकडी-दोडके, आणि रानातून शेवळा, टाकळा, कर्टोली, कुर्डू आणून बाजारात विकायचे. आपल्या कोकणातल्या किंवा जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यासारखाच हा पाडा, फक्त चारी बाजूंनी मुंबई.

पाड्यावरच्या एका म्हाताऱ्या बाबांशी ओळख झाली. वय विचारले तर म्हणाले, "डेअरी आली तेव्हा मी पाळण्यात." बाबांनी मला संध्याकाळी चार वाजता घराबाहेर काढले आणि वाघाची वाट दाखवली. ते बिबट्याला वाघच म्हणतात.

"हा बघा ओढा. वरच्या अंगाने तो इथे उतरतो. पुढे करवंदीची जाळी आहे, तिच्या कडेने युनिटच्या मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीपाशी उकिरडा. उकिरड्यावर कुत्री. कुत्र्यांसाठीच तो येतो. माणूस दिवसा ज्या पायवाटेने चालतो, तीच वाट तो रात्री वापरतो. त्याला काय काट्यात पाय घालायची हौस आहे?"

मी विचारले, आला हे कळते कसे? त्यावर बाबा बराच वेळ बोलले. वानरे आधी खाकरतात, घशात काही अडकल्यासारखी, आणि झाडाच्या एकाच बाजूला बघत राहतात. जंगलाच्या कडेला चितळ ओरडते. पाड्यातली कुत्री आधी खूप भुंकतात, मग एकदम गप्प होऊन चुलीपाशी येऊन बसतात. कुत्रे भुंकते तोवर वाघ लांब आहे, गप्प झाले की जवळ आहे. रात्री लहान मूल एकटे परसाकडे जाऊ द्यायचे नाही. बसलेले मूल वाघाला मूल दिसत नाही, बकरीएवढे जनावर दिसते. वाकून गवत कापणाऱ्या बाईने तिन्हीसांजेच्या आत घरी यायचे. वाघ समोर आला तर पळायचे नाही, पाठ दाखवायची नाही, उभे राहून बोलत बोलत मागे सरायचे.

मी कृषीचा पदवीधर, तीस वर्षे विस्ताराच्या कामात काढलेली. दुसऱ्याला माहिती देणे हेच आमचे काम. त्या संध्याकाळी माझ्या लक्षात आले की आम्ही विचारायचे फार कमी ठेवले.

कारण हेच ज्ञान मुंबईला वीस वर्षांपूर्वी हवे होते, आणि तेव्हा ते कोणी विचारले नाही. २००४ साली या जंगलाच्या कडेला बिबट्यांनी इतकी माणसे मारली की एकट्या जून महिन्यात दहाच्या आसपास बळी गेले. वर्तमानपत्रांत रोज तेच. लोक संतापले, पिंजरे लागले, बिबटे धरले गेले. तेव्हा रिवाज असा होता की कुठेही बिबट्या दिसला की पिंजरा लावायचा आणि धरलेला प्राणी दुसऱ्या जंगलात नेऊन सोडायचा. बाहेर धरलेले काही बिबटे या मुंबईच्या जंगलातही आणून सोडले होते. पाड्यातली माणसे तेव्हा म्हणत, "हे वाघ आमचे नव्हेत, हे बाहेरचे आहेत." शहरातल्या शहाण्यांनी ती अफवा ठरवली.

ती निव्वळ अफवा नव्हती हे कळले ते आपल्या जुन्नरमुळे. जुन्नर भागात ऊस वाढला, उसात बिबटे राहू लागले. २००१ ते २००३ या काळात तिथे बिबटे मोठ्या प्रमाणावर धरून इतरत्र सोडले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. आधी वर्षाला सरासरी चार माणसांवर हल्ले होत होते. पकडून सोडण्याचा सपाटा चालला तेव्हा हा आकडा सतरावर गेला. अनोळखी मुलखात सोडलेले, पिंजऱ्यात माणसांचा गोंगाट सोसलेले जनावर बिथरते, आणि त्याची रिकामी झालेली जागा घ्यायला दुसरे तरणे जनावर येते. हा हिशेब २०११ साली छापून आला.

सोडलेला बिबट्या कुठे जातो याचीही एक गोष्ट आहे. २००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ एका विहिरीत वयस्क नर बिबट्या पडला. त्याच्या गळ्यात उपग्रहाला खबर देणारा पट्टा घालून त्याला माळशेज घाटात सोडले. त्याचे नाव पडले 'आजोबा'. हा आजोबा रोज रात्री चालत, गावे, रेल्वे, महामार्ग ओलांडत, शेवटी वसईची खाडी पोहून मुंबईच्या या जंगलात आला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालला आणि वाटेत एकाही माणसाला त्याने ओरखडा काढला नाही. २०११ च्या अखेरीस महामार्गावर गाडीखाली सापडून तो मेला. त्याच्यावर पुढे मराठी चित्रपटही निघाला.

कॅमेरा आला आणि बाबा खरे ठरले

२०११ साली राष्ट्रीय उद्यानाचे प्रमुख सुनील लिमये होते. त्यांनी वेगळा रस्ता धरला. विद्या अत्रेय यांच्यासारखे अभ्यासक, मुंबईतले हौशी निसर्गप्रेमी आणि वन खाते यांना एकत्र आणून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' नावाचे काम सुरू झाले. त्यांनी पिंजऱ्याआधी वही काढली. आरेतल्या आणि जंगलाच्या कडेच्या वस्त्यांत जाऊन विचारले: बिबट्या कुठे दिसतो, किती वाजता, कचरा कुठे टाकता, कुत्री किती, दिवा आहे का, शौचालय आहे का. पत्रकारांना बोलावून समजावले की बिबट्या दिसणे म्हणजे बिबट्याने हल्ला करणे नव्हे. हे वाचायला साधे वाटते, पण २००४ साली हाच फरक कोणी केला नव्हता.

मग कॅमेरे लागले. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडाला बांधायचे, समोरून काही गेले की आपोआप फोटो निघतो. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके माणसाच्या बोटाच्या ठशासारखे, एकाचे दुसऱ्याशी जुळत नाहीत. त्यामुळे एकच जनावर दोनदा मोजले जात नाही. निकित सुर्वे या तरुण अभ्यासकाने २०१५ साली अशी मोजणी केली, ३५ बिबटे निघाले. २०१८ साली ४७. २०२४ साली ५४. माणसांनी एवढ्या गच्च भरलेल्या शहराच्या पोटात इतके बिबटे असलेली जागा जगात दुसरी सांगणे अवघड आहे.

हे बिबटे खातात काय, याचाही विष्ठेवरून अभ्यास झाला. निम्म्याहून जास्त खाणे जंगलातले, चितळ वगैरे. पण चौथा हिस्सा निव्वळ कुत्री. बाबांचा उकिरडा आठवला ना? २०१८ साली आणखी एक हिशेब मांडला गेला. हे बिबटे वर्षाला सुमारे दीड हजार भटकी कुत्री खात असावेत आणि त्यामुळे कुत्रे चावण्याचे हजारभर प्रकार टळत असावेत. अंदाजच आहे तो, पण ज्याच्या घरी कुत्रे चावून पोटात सुया टोचून घेतलेला माणूस आहे त्याला त्याचे मोल कळेल.

कॅमेऱ्यापुढे बाबांचे सगळेच खरे ठरते असे मात्र नाही. रात्रीच्या अंधारात एकच बिबट्या तीन जणांना तीन ठिकाणी दिसला की सकाळपर्यंत पाड्यात तीन बिबटे होतात. उलट, रोज एकाच वाटेने जाणारा 'आमचा वाघ' खरे तर दोन-तीन वेगळे असू शकतात. मोजणी हे पाड्याचे काम नव्हे. पण कॅमेरा कुठे बांधायचा, हे पाड्यानेच सांगायचे. मुंबईसारख्या गजबजाटात बिबट्याच्या येण्याजाण्याची नेमकी पायवाट ज्याला माहीत नाही, त्याच्या कॅमेऱ्यात म्हशी आणि मोटारसायकलीच येतील.

आणि एक सांगायचे राहिले. सगळे गोड आहे असे मुळीच नाही. २०२१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आरेत बिबट्याने अनेक माणसांना जखमी केले. २०२२ च्या दिवाळीत एक तान्हे मूल गेले. ज्या घरातले मूल जाते त्या घरापुढे ५४ चा आकडा सांगत उभे राहण्यात अर्थ नाही. शिरूर तालुक्यात २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास काय झाले ते आपणां सर्वांना आठवते. माणसे गेली, लोक रस्त्यावर आले. त्यांचा संताप खोटा म्हणणारा मी कोण? मी एवढेच म्हणतो की संतापाच्या दिवशी वही काढून उपयोग नाही. ती आधी भरलेली पाहिजे.

आरेत हल्ले होण्यापूर्वी दोन वर्षे, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे रातोरात तोडली गेली होती. पाड्यातल्या बाया सांगतात की त्यानंतर वाघाच्या वाटा बदलल्या, पूर्वी जिथे कधी दिसत नसे तिथे तो दिसू लागला. मी यात कारण आणि परिणाम जोडत नाही. झाडे तोडल्याने हल्ले झाले असे ठामपणे म्हणायला आधीच्या वाटांची तारीखवार नोंद लागते, आणि ती नव्हती. बायांच्या डोक्यात होती, कागदावर नव्हती. पुढे आरेतली आठशे एकरांच्या आसपास जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, हे चांगलेच झाले.

वाघोबाचे देवस्थान हीसुद्धा एक नोंदच आहे, फक्त दगडात आणि लाकडात. पाटीवर वाघ कोरलेला, वर चंद्र-सूर्य. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर या भागांतल्या वाघोबाच्या देवळांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. दीडशेहून अधिक स्थाने अभ्यासकांनी नोंदली. वारली माणसे वाघाला घाबरतात, त्याने बकरी नेली तर हळहळतात, आणि वर्षातून एकदा त्याला त्याचा वाटाही देतात. बाबांना मी विचारले, पूजा करून वाघ बकरी नेत नाही का? ते हसले. "नेतो की. भाऊबंद काय कमी नेतात?"

खाडीकडची माणसे

दुसऱ्या दिवशी जावयांनी मला पूर्वेला, भांडुप-मुलुंडच्या बाजूला नेले. तिथे ठाण्याची खाडी आहे, तिवरांचे रान आहे, मिठागरे आहेत. हजारोंनी रोहित पक्षी येतात, गुलाबी पंखांचे, उंच पायांचे. हे पक्षी इथे मोठ्या संख्येने यायला लागले ते १९९० नंतर. अभ्यासक म्हणतात की खाडीत सांडपाणी वाढले, त्यावर शेवाळ वाढले आणि शेवाळ हे त्यांचे खाणे. २०१५ साली या खाडीचा भाग रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला.

पण त्याच खाडीतल्या कोळ्याला विचारा. तो निवटी, बोय, चिंबोरी, कालवे यांचा हिशेब मांडतो. कुठे जाळे टाकले की पूर्वी काय लागे आणि आता प्लास्टिकच्या पिशव्या कशा लागतात ते सांगतो. एकाच घाण पाण्याने पक्षी आणले आणि मासे नेले. पाखरे मोजणाऱ्याच्या वहीत चढता आकडा, कोळ्याच्या वहीत उतरता. दोन्ही खरे. फक्त कोळ्याला वही नाही. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून एका रात्रीत चाळीसेक रोहित पक्षी मेले, तेव्हा साऱ्या देशात बातमी झाली. निवट्या कमी झाल्या याची बातमी कुठे येणार?

आता तुम्ही म्हणाल, मुंबईच्या गोष्टी आम्हाला कशाला? म्हणून आपल्या दारातली एक गोष्ट सांगतो. गिधाडांची.

माझ्या लहानपणी गावाबाहेर मेलेली ढोरे टाकायची जागा होती. बैल मेला की दोन तासांत आकाशात ठिपके दिसत, आणि संध्याकाळपर्यंत हाडे उरत. १९९० नंतर कधीतरी हे थांबले. कधी? तुम्ही सांगा, मी सांगतो, कोणाचेही साल जुळणार नाही. राजस्थानात भरतपूरला मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश पूर्वीपासून घरटी मोजत होते, म्हणून देशाला कळले की गिधाडे झपाट्याने मरत आहेत. कारण कळायला २००४ साल उजाडले. गुरांना ताप-सुजेवर देत असलेले डायक्लोफिनॅक हे औषध. ते टोचलेले जनावर मेले आणि गिधाडाने खाल्ले की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली गुरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर काही जातींची शंभरातली नव्याण्णव गिधाडे गेली होती.

ते इंजेक्शन मीही शेतकऱ्यांना चांगले म्हणून सांगितले आहे. तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. पण विचार करा, प्रत्येक तालुक्यातल्या चार गावांनी जरी 'या साली ढोरावर गिधाडे आली नाहीत' एवढी एक ओळ लिहून ठेवली असती आणि त्याच साली गावात कोणते नवे औषध आले ते शेजारी लिहिले असते, तर दहा वर्षे वाया गेली नसती. आपण ते पाहिले होते. लाखो शेतकऱ्यांनी पाहिले होते.

अशी नोंद करण्याचा कायदा आता आहे. २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती हवी आणि तिने लोकांना विचारून गावाची जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. या कल्पनेमागे माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांची मेहनत आहे. तुमच्या पंचायतीच्या कपाटात ही वही बहुधा आहेच. काढून पाहा.

आणि इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. जानेवारी २०२० च्या आत सगळ्या गावांच्या वह्या पुऱ्या करायच्या अशी तारीख आली होती. एका गावाची वही पुरी करण्यात माझाही हात होता. गाव कोणते ते सांगत नाही. दोन दुपारी आम्ही चौघे पंचायतीत बसलो, चहा झाला, आणि शेजारच्या गावाच्या वहीवरून झाडांची-प्राण्यांची नावे उतरवून घेतली. त्यात तरस लिहिले. त्या गावात तरस आहे की नाही हे आमच्यातल्या कोणालाही माहीत नव्हते. ज्याला माहीत होते तो धनगर पंचायतीच्या समोरच मेंढरे घेऊन बसला होता. चाळीस वर्षे त्याच शिवारात फिरलेला माणूस. त्याला आत बोलावले नाही, कारण त्याला सही येत नव्हती. पुढच्या वर्षी करोनाच्या लाटेत तो गेला. वहीत तरस आहे अजून.

आरेच्या पाड्यावर बाबांसोबत ओढ्यावर उभा होतो तेव्हा मला तो धनगर आठवत होता.

म्हणून ज्यांना हे काम करावेसे वाटते त्यांना चार गोष्टी सांगतो. वय झालेल्या माणसाला साल विचारू नका, ते चुकते. 'बाहत्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?' 'किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा होते का?' 'तुझे लग्न झाले तेव्हा या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी होते का?' असे विचारा, बरोबर उत्तर येते. सह्याद्रीकडच्या गावांत कारवीचा फुलोरा हे उत्तम कॅलेंडर आहे. बोरिवलीच्या जंगलात कारवी २००८ साली फुलली, नंतर २०१६ साली. बाबा आपले आयुष्य कारवीच्या फुलोऱ्यांनी मोजतात.

किती जनावरे होती असे विचारू नका, शेवटचे कुठे पाहिले ते विचारा. जागा नेमकी लिहा: कोणाचा बांध, कोणता ओढा. प्राण्याचे नाव तुमच्या गावात जे चालते तेच लिहा. वाघाटी म्हणजे काय ते शास्त्रज्ञ शोधून काढतील. मुंबईच्या जंगलातल्या कॅमेऱ्यात हे मांजराहून लहान रानमांजर सापडलेच की.

बायकांना वेगळे विचारा. पुरुषांनी भरलेल्या वहीत मोठी जनावरे असतात. सरपण, रानभाजी, पाणवठा हे बायकांना माहीत. चावडीवर त्या बोलणार नाहीत, चुलीपाशी बोलतील. ऊसतोड कामगारांना विचारा, फडात पिल्ले आधी त्यांना दिसतात. आणि दोघांचे म्हणणे जुळले नाही तर भांडण मिटवू नका, दोन्ही लिहा.

एक मात्र गुप्त ठेवा. खवले मांजर, मांडूळ, घोरपड कुठे आहे हे कोणत्याही पाहुण्याला सांगू नका आणि मोबाईलवरच्या गटात टाकू नका. मांडुळाच्या मागे लागणाऱ्या टोळ्या गोड बोलत येतात. त्यांना तुमची वही आयती मिळायला नको.

बिबट्याच्या भागात असाल तर त्याची नोंद तारीख-वेळेसह रोज करा. फोटोच्या मागे धावू नका. शेळ्यांचा गोठा चारी बाजूंनी आणि वरूनही बंद करा, उघड्या आडाला कठडा घाला, मेलेल्या कोंबड्या आणि उष्टे वस्तीजवळ टाकू नका. जनावर मारले गेले तर ४८ तासांच्या आत वन खात्याला कळवा, पंचनामा झाल्याशिवाय भरपाई मिळत नाही. वन खात्याचा फोन १९२६. अकोले तालुक्याच्या ज्या भागात जंगल म्हणावे असे काही नाही, नुसती शेते आणि वस्त्या आहेत, तिथे अभ्यासकांना दर शंभर चौरस किलोमीटरमागे पाचेक बिबटे आढळले होते. म्हणजे तो तुमच्याही शिवारात असेल आणि तुम्ही त्याला पाहिले नसेल, ही गोष्ट धरून चाला.

मुंबईहून परत आल्यावर मी दोनशे पानी वही आणली. सरकारी नव्हे, दुकानातली. पहिली नोंद माझ्या चुलतीची आहे. वय शहाऐंशी. ती म्हणाली, आमच्या ओढ्याच्या दरडीत सायाळीची बिळे होती, बाहत्तरच्या दुष्काळानंतर सायाळ कधी दिसली नाही. मी तसेच लिहिले. दोन दिवसांनी वाटेकरी आला, वही पाहिली आणि म्हणाला, "चुकीचे आहे भाऊ, गेल्या शिमग्याला मला तिथेच काटे सापडले. भुईमूग उकरला होता." मी त्याच्या नावाने दुसरी ओळ लिहिली. आता चुलती त्याला खोटे म्हणते आणि तो चुलतीला विसरभोळी म्हणतो. रविवारी दोघांना घेऊन दरडीवर जायचे ठरले आहे. चुलतीला चालवत नाही, तिच्यासाठी बैलगाडी सांगितली आहे.